भोवरा उभा राहिला की

दारातच कापूस दिसला. कापूस दिसला की मला आता काही विचारावं लागत नाही. चपला काढायच्या, उचलून माळ्यावर टाकायच्या, डबा ओट्यावर ठेवायचा आणि मग आज काय फाडलंय ते बघायला जायचं. त्या दिवशी सोफ्याची पाठ होती. सोफ्यावर भोवरा उभा, तोंडाला कापूस, आणि शेपूट अशी फिरतेय की टेबलावरचा पेला केव्हाच खाली आलेला. चेहरा मात्र असा, की घरातलं मोठं काम ह्याने एकट्याने उरकलंय.

"ओरडू नका," आमची ही शिलाई मशीनवरून म्हणाली. "मी ओरडून घेतलंय."

भोवरा हा आमच्या लेकीचा कुत्रा. म्हणजे आणला तिने, नाव ठेवलं तिने, फोटो काढले तिने, आणि लांबच्या शहरात नोकरी लागल्यावर गळ्यात मारला आमच्या. "बाबा, तिथे खोली एवढीशी आहे रे, त्याचे हाल होतील." आमचे काय होतील हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. कुत्रा शिकारीच्या जातीचा, पॉइंटर. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब पाय, चरबीचा पत्ता नाही. जन्मच रानात पळण्यासाठी घेतलेला, आणि राहायला मिळालं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर. सकाळी कामावरून येऊन मी त्याला मैदानावर पळवायचो. मी थकायचो, तो थकायचा नाही. मग घरी येऊन पायपुसणी, खुर्च्यांचे पाय, रिमोट, गाद्या. दाराची चौकट त्याने एका बाजूने अशी खाल्ली होती की कडी लागेना.

मी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर. कायमची रात्रपाळी. पंप, व्हॉल्व्ह आणि प्रेशरचा काटा. काटा दाखवतो तेवढं खरं, बाकी सगळ्या गप्पा, असं मानणारा माणूस मी. दिवसा झोपायचं, रात्री जागायचं, इतकी वर्षं काही बिघडलं नाही. भोवरा आल्यापासून मात्र डोळ्याला डोळा लागला नव्हता. जरा डुलकी लागली की आत काहीतरी टरकन फाटायचं. ही हॉलमध्ये खिडकीशी बसून शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करते. ती एका हाताने बाही धरणार आणि दुसऱ्या हाताने कुत्रा, तर किती पुरी पडणार? तिच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. आम्ही एकमेकांशी बोलायचं सोडून दिलं होतं. भांडण नव्हतं. बोलायला अंगात जोर लागतो.

आणि एका दुपारी मला शांततेने जाग आली.

मशीन बंद होतं. मी उठून बाहेर आलो तर ही मागच्या खोलीच्या दारात उभी. तिने तोंडावर बोट ठेवलं. आत भोवरा उभा होता. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट मागे काठीसारखी ताठ, नाक समोर, आणि अंगाचा एक केस हलत नव्हता. समोर नुसती भिंत. भिंत आणि कपाट जिथे मिळतात तो कोपरा.

"ह्याला काही झालं नाही ना हो?" ही कुजबुजली.

"जातीचं आहे ते," मी म्हणालो. "पाखरू दिसलं की असे उभे राहतात."

"इथे कुठलं पाखरू?"

मी आत गेलो. कपाट ओढून बघितलं. उंदीर नाही, पाल नाही, भिंतीतून पाइप जात नाही. भिंतीवर टिचकी मारून पाहिली, भरीव होती. कोपऱ्यात हात घातला तेव्हा मात्र तळव्याला ऊब लागली. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यावर उशी असते ना, तेवढीच. उन्हाची भिंत असेल, म्हटलं. ती उन्हाची भिंत नव्हती, पण मला झोप आली होती. मी जाऊन पडलो आणि संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा झोपलो.

दुसऱ्या दिवशी मैदानावरून आल्याबरोबर भोवरा थेट मागच्या खोलीत गेला आणि उभा राहिला. त्याच्या पुढच्या दिवशीही. सुंठीवाचून खोकला गेला! मला इतका आनंद झाला की लाज सोडून सांगतो, मी त्याची सोय करून दिली. त्याला उभं राहायला जागा हवी म्हणून खोलीतली ट्रंक बाहेर काढली. उजेडाने लक्ष जाऊ नये म्हणून खिडकीला चादर लावली. पाण्याचं भांडं हाताशी ठेवलं. तो तासन्‌तास उभा राही आणि आम्ही झोपत होतो, जेवत होतो, चक्क गप्पा मारत होतो. सोफ्याला नवी पाठ बसवून घेतली. लेकीला फोनवर सांगितलं, "तुझं ध्यान सुधारलं बरं का."

"काय केलंस तू, बाबा?"

"काही नाही केलं. तीच तर गंमत आहे."

ही मात्र अधूनमधून त्या दारात जाऊन उभी राहायची.

"तो कशाकडे बघतो हो?"

"झुरळ असेल."

"झुरळाकडे कुणी असं बघतं? देवाला बघावं तसं बघतोय."

"बघू दे. सोफ्याकडे बघत नाही ना?"

ती हसली, पण दार ओढून घेऊन आली.

भोवऱ्याची जागा बदलतेय हे आधी तिच्याच लक्षात आलं. कोपरा सोडून तो कपाटाच्या दाराकडे बघायला लागला. मग कपाट सोडून खोलीच्या उंबऱ्याकडे. एके दिवशी मी झोपेतून उठलो तर तो पॅसेजमध्ये होता, नाक चपलांच्या रॅककडे. रोज तसाच ताठ, तसाच एक पाय वर, फक्त थोडा अलीकडे. सरकताना तो एक पाऊल टाकायचा, थांबायचा, पुन्हा एक टाकायचा. आधी समोरचं सरकायचं आणि मग हा, असं काहीसं. मी रॅक रिकामा करून बघितला. मागे हात घातला. तीच ऊब, आणि आता थोडा वास. बंद पेटीत ठेवलेल्या गरम कपड्यांचा येतो तसा.

मी पुन्हा झोपलो. काय करणार? रात्री पंप चालवायचे होते.

मग तो हॉलमध्ये आला. पडद्याकडे बघू लागला. पडदा आणि हिची खुर्ची यांच्यात एक माणूस अंग चोरून बसेल इतकीच जागा.

"मी मशीन आत नेऊ का?" तिने विचारलं. "पाठीला गरम गरम लागतं दुपारचं. मागे कुणी वाकून शिवण बघतंय असं वाटतं."

"आता कुठे घडी बसलीय. कशाला हलवतेस?"

"बरं," ती म्हणाली. तिला वाद घालायचा कंटाळा. मलाही.

पण त्या दिवशी मी झोपू शकलो नाही. पडल्या पडल्या मला तिची पाठ दिसत होती, मशीनवर वाकलेली, मानेवर सुटलेले केस. मला भीती वाटली. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी. ह्या बाईने माझ्या रात्रपाळ्यांवर उभं आयुष्य काढलं, दुपारी माझी झोप मोडू नये म्हणून शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायला गॅससमोर उभी राहिली, आणि तिच्या मागे काय बसलंय ते मी झुरळावर ढकलून मोकळा झालो होतो. मी उठलो, लेकीकडून त्या माणसाचा नंबर घेतला ज्याच्याकडून तिने कुत्रा आणला होता. शिकारीच्या कुत्र्यांना शिकवणारा माणूस तो. मागच्या खोलीत जाऊन, दार लावून फोन केला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो उभा राहिला की तुम्ही काय करता?"

"काही नाही. झोपतो."



"साहेब, त्याचं काम अर्धं असतं. पाखरू कुठे आहे ते दाखवायचं. पुढे जाऊन उठवायचं माणसाने. नाही उठवलं तर पाखरू तिथेच बसत नाही, चालायला लागतं. पाखराला कळतं, की ह्यांच्यातलं कुणी पुढे येत नाही."

"अहो, पण घरात कसलं पाखरू?"

"ते मी कसं सांगू? मी तुमचं घर बघितलेलं नाही."

"बरं. उठवायचं कसं?"

"कुत्र्याच्या पुढे जायचं आणि जोरात टाळी वाजवायची. पण आधी समोर काय आहे ते नीट बघा. जे बसलेलं असेल ते उठेल."

"आणि मग?"

"मग तो वर बघेल. उडालेलं नजरेने धरून ठेवेल. आणि तुमच्याकडे बघेल, हुकमासाठी. 'आण' म्हणालात की आणेल. पण पडलेलं आणतो हां तो, मेलेलं. जिवंत कधी आणत नाही."

मी फोन ठेवला आणि बाहेर आलो.

भोवरा हॉलच्या मधोमध उभा होता. नाक हिच्या खुर्चीकडे. पडदा आणि खुर्चीच्या मधल्या जागेकडे, असं मी धरलं. त्याची मागची मांडी थरथरत होती. असा तो कधी थरथरला नव्हता.

"अगं, ऊठ जरा तिथून."

"ही एवढी बाही होऊ दे."

"आत्ता ऊठ."

"झालंच हो. तुमचं आपलं घाईचं काम." मान वर न करता ती म्हणाली. मशीन घरघरत राहिलं.

मी थांबायला हवं होतं. एक बाही म्हणजे वेळ तो किती? पण डोळे चुरचुरत होते, डोकं जड झालं होतं, आणि एकदाचं हे संपू दे असं झालं होतं. आहे ते तिच्या मागे आहे, तिच्यात आणि त्याच्यात खुर्चीची पाठ आहे, टाळीने कुणाचं काय बिघडतं?

मी कुत्र्याला वळसा घालून पुढे गेलो.

जोरात टाळी वाजवली.

मशीन थांबलं.

पंख फडफडल्याचा आवाज नाही. पडदा हलला नाही. काहीच उडालं नाही.

भोवऱ्याची मान मात्र वर जाऊ लागली. सावकाश. खुर्चीच्या पाठीवरून, हिच्या डोक्यावरून, पडद्याच्या दांडीवरून, खिडकीच्या गजांतून बाहेर. समोरच्या गच्चीवरून आणखी वर. कान ताठ, नजर तिथेच खिळलेली.

मग तो वळला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

"काय हो, टाळ्या कसल्या वाजवताय?" हिने विचारलं.

तोच आवाज. तीच मान तिरकी करून बघण्याची ढब. मी हसलो, खुर्चीला धरून चांगला हसलो.

"काही नाही गं. कुत्र्याला उठवत होतो."

"झोपा आता तुम्ही. डोळे बघा कसे झालेत."

मी खुर्चीमागे हात घातला. गार होतं. वास गेला होता. मशीन पुन्हा सुरू झालं, आणि त्या घरघरीत मी असा झोपलो की बस.

उठलो तेव्हा उजेड गेला होता. हॉलमधला दिवा कुणी लावला नव्हता. भोवरा खिडकीशी होता, आणि मी दारात दिसल्याबरोबर त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. तो नुसती हुकमाची वाट बघत होता.

मशीन चालू होतं.

"अगं, अंधारात काय शिवतेस?"

"झालंच हो," ही म्हणाली.

मी दिवा लावला. तिच्या शेजारी शिवलेल्या सदऱ्यांची चळत केवढी तरी उंच झाली होती. इतकं काम तिने कधी एका दिवसात केलं नव्हतं. कौतुकाने मी वरचा सदरा उचलला. बाही माझ्या हातात राहिली आणि सदरा खाली पडला.

दुसरा उचलला. त्याचीही बाही हातात आली.

"अगं," मी म्हणालो.

"झालंच हो. तुमचं आपलं घाईचं काम."

भोवऱ्याने एक पाय उचलला. माझ्या ओठांकडे बघत राहिला. 'आण' निसटू नये म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मग मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिचे हात कापड पुढे सरकवत होते, नेहमीसारखे, बेताने. सुई भराभरा खालीवर होत होती. सुईत दोरा नव्हता. कापडावर नुसती भोकं पडत होती, अगदी सरळ रांगेत.