तळव्यावरचा उजेड

"थांबा... हलू नका!"

क्षमाला आजवर कोणी असा हुकूम केला नव्हता. कृष्णेच्या घाटावर, देवळाच्या नुकताच चुना दिलेल्या भिंतीला टेकून ती जेवणाचा डबा उघडत होती. ती थांबली खरी, पण आज्ञाधारकपणाने नव्हे, धक्क्याने. खालच्या पायरीवर एक तरुण उभा होता. त्याच्या तोंडासमोर तिच्या डब्याएवढाच एक ठोकळा होता आणि त्या ठोकळ्यातून जात्यासारखी घरघर येत होती.

"आधी विचारायची पद्धत वाईत अजून चालू आहे," ती थंडपणे म्हणाली. "तुमच्याकडे बंद पडली का?"

"माफ करा हो! सकाळपासून नुसते दगड आणि देवळं काढतोय. म्हटलं, एक तरी माणूस..." त्याने ठोकळा खाली घेतला. चेहरा हसरा होता, आणि घामेजलेला. "मी अनीश. सांगलीचा. विश्रामबागेत कॉम्प्युटर शिकवतो. कॅमेरा हुशार आहे, शिकाऊ मी आहे."

"फोटो धुऊन आला की फाडून टाका."

"धुवायला कशाला पाहिजे? आत फ्लॉपी घरघरते ना, तिच्यावर उतरतो. आलाय की. हे बघा."

कॅमेऱ्याच्या पाठीवर काडेपेटीहून थोडी मोठी काच होती आणि त्या काचेत, पापणी लवायच्या आत, क्षमा स्वतः होती. एकोणीसशे नव्व्याण्णव साल उजाडले होते. जगात असे कॅमेरे निघाल्याचे तिने वाचलेही होते. पण रोल साताऱ्याला पाठवून आठवडाभर वाट पाहणाऱ्या बाईला स्वतःचा चेहरा असा तत्काळ परत मिळणे, हे तिला जवळजवळ असभ्य वाटले.

मग दुसरा धक्का बसला. काचेतली भिंत पांढरी नव्हती. दुधात राख कालवावी तशी करडी होती. आणि तिच्यापुढे क्षमा नव्हतीच, क्षमाच्या आकाराचे एक भोक होते. साडी होती, डबा होता, चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार.

हा अंधार तिच्या ओळखीचा होता. ज्या समाजाने आपले सगळे लाडके देव सावळे केले आणि त्या सावळेपणाची स्तुती गाऊन शतकानुशतके गळे सुकवले, त्याच समाजात लग्नाच्या बाजारी 'सावळी' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो, आजाराच्या नावासारखा. यावर उपाय म्हणून गावातल्या स्टुडिओवाल्याने तिच्यावर पावडर थापली होती आणि एवढे दिवे पेटवले होते की फोटोत तिचे नाकच नाहीसे झाले होते. तो फोटो वडिलांनी गावोगाव फिरवला. फोटोवर भाळून माणसे येत, तिला बघून चहा अर्धा टाकून जात.

"बिघडलाय बहुतेक," अनीश पुटपुटला.

"बिघडलेला नाही. त्याची मतं ठाम आहेत, एवढंच."

"म्हणजे?"

"आत उजेड मोजणारं मीटर असतं. त्याला एकच धडा दिलेला आहे – जग सरासरी करडं असतं. समोर पांढरी भिंत आली की ते घाबरतं, उजेड फार झाला म्हणतं आणि सगळंच काळवंडून टाकतं. काळी म्हैस आली की उदार होतं आणि तिला राखाडी करतं. समोर कोण आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं."

अनीश तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला हे कसं काय?"

"मी पाठशाळेत पोथ्यांचे फोटो काढते. पहिल्या रोलमध्ये पोथीची सगळी पानं चुलीतून काढल्यासारखी आली. तेव्हापासून मी मीटरचं ऐकून घेते, पण मानत नाही."

"घरीपण असंच का?"

"घरी मीटर नाही. वडील आहेत. त्यांचंही ऐकून घेते."

तो मोठ्याने हसला. तिला हसायचे नव्हते... तरी ओठाचा एक कोपरा फितूर झालाच.

"मग मोजायचं कशावर?"

"तळव्यावर. चेहऱ्यावर पडतो तोच उजेड तळव्यावर घ्यायचा. कॅमेरा जवळ आणायचा, काचेत फक्त तळवा दिसला पाहिजे. बटण अर्धं दाबलं की माप धरून ठेवता येतं. ते न सोडता मागे सरायचं आणि फोटो घ्यायचा. तळवा करड्याहून थोडा उजळ असतो, म्हणून फोटोही एक पायरी उजळ करायचा."

"कुणाचा तळवा?"

"कुणाचाही. माणसं गोरी असोत, काळी असोत, तळवे बहुतेक सारख्याच रंगाचे असतात. लग्न जुळवणाऱ्यांना ही बातमी अजून पोचलेली नाही."

"पण बघा ना," तो गंभीरपणे म्हणाला, "माझा एक हात कॅमेऱ्याखाली अडकलाय आणि एक बटणावर..."

"सांगलीची माणसं सरळ बोलत नाहीत का?"

"सरळ बोलू? हात दाखवा."

तिने हात पुढे केला. थंडीतले ऊन तळव्यावर उतरले. तो जवळ आला, एक पायरी, मग आणखी एक. कॅमेरा तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबला आणि तिच्या ध्यानात आले, की हस्तलिखिताचे जीर्ण पान उलटताना ती जसा श्वास रोखते, तसाच आता रोखला आहे. तो मागे सरला. पुन्हा घरघर.

काचेतली भिंत आता शुभ्र होती आणि तिच्यापुढे एक सावळी बाई होती. उन्हात धरलेल्या काकवीसारखा तिचा रंग होता. डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागे जरासे हसू. ना पावडर, ना अंधार. मघाच्या भोकाने बसला नव्हता एवढा धक्का तिला या चेहऱ्याने बसला.

"ही... मी आहे?"

"मला मघापासून हीच दिसत होती," अनीश हळूच म्हणाला. "मशीनला आत्ता कळलं."

तिने घाईने विषय बदलला. "एवढा सराव कशासाठी चाललाय?"

"दादासाठी." त्याचा आवाज एकदम उतरला. "अमृत, माझा मोठा भाऊ. अमेरिकेत असतो, कॅमेरा त्यानंच पाठवलाय. उद्या इथं त्याच्यासाठी मुलगी बघायचीय. स्टुडिओच्या फोटोवर आमच्या आत्याचा विश्वास नाही. तिचं फर्मान आहे – मुलीला पांढऱ्या भिंतीपुढं उभी करायची, म्हणजे रंग कळतो. आपल्या डोळ्यांदेखत फोटो काढायचा आणि ई-मेलनं दादाला पाठवायचा." बोलता बोलता त्याचा त्यालाच आपल्या शब्दांचा वास आला असावा. "तुम्हाला भेटायच्या आधी हे एवढं वाईट वाटत नव्हतं."

"कुठली मुलगी?"

"गंगापुरीतली. नानासो हेडमास्तर म्हणून आहेत, त्यांची."

क्षमाने डब्याचे झाकण लावले. उद्या सांगलीची माणसे येणार, एवढेच वडील काल बोलले होते. भिंतीचे बोलले नव्हते.

"नाव काय तिचं?"

"विचारलंच नाही की..."

"उत्तम. भिंतीपुढे उभं राहायला नाव लागत नाही."

"तुमचं तरी सांगा!" तो मागून ओरडला.

"वाई लहान आहे," ती न वळता म्हणाली. "कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनीश आत्यामागोमाग नानासोंच्या अंगणात शिरला आणि दारातच खिळला. पोह्यांच्या बश्या घेऊन क्षमा समोर उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा उडाला, की तो स्वतःच भिंतीपुढे उभा राहण्याच्या लायकीचा झाला.

"काय रं, भूत बघितलंस का?" सुलाबाई म्हणाल्या. तासगावच्या बाजूला एका मोठ्या घराचा कारभार चालवणारी ही आत्या मुद्द्याला यायला पोह्यांचीही वाट बघत नसे. "चल, काढ कॅमेरा. नानासो, राग मानू नका, पन आमी लय फसलोय फोटोला. पोरी, जा बाळ, त्या भितीफुडं हुबी ऱ्हा."

नानासोंनी मान खाली घातली. क्षमा बश्या हातोहाती देऊन भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. पाठीमागे पांढरी भिंत, पुढे तो.

अनीशने कॅमेरा उचलला आणि तिथेच अडला. क्षमाला त्याची अडचण लख्ख दिसली. मीटरचे ऐकले, की काचेत पुन्हा ते भोक उमटेल. अमेरिकेतून नकार येईल. मुलगी वाईतच राहील, घाटाच्या पायऱ्यांपर्यंत सांगलीहून एसटी येतेच. त्याला काही करायचेही नव्हते. नुसते बटण दाबायचे होते, खोटे बोलायला यंत्र तयार होते. आणि खरा फोटो काढला, तर त्या चेहऱ्याला दादा नाही म्हणेल कशाला?

त्याने तसेच बटण दाबले, तर ती त्याला जन्मात क्षमा करणार नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"दाब की! सांजच्याला काढनार हायस का?" सुलाबाई कावल्या.

अनीशने कॅमेरा खाली घेतला. घसा साफ केला.

"हात दाखवा," तो म्हणाला.

सुलाबाईंचा पोह्यांचा घास हातात राहिला. क्षमाने तळवा पुढे केला. त्याने माप घेतले, मागे सरला, आणि घरघर संपल्यावर कॅमेरा मुकाट्याने आत्याच्या हातात दिला.

सुलाबाई काचेत बघू लागल्या. मग त्यांनी क्षमाकडे पाहिले. पुन्हा काचेकडे.

"अगं बया... ही तर हुबेहूब हीच हाय!"

"तेच तर पाहिजे होतं ना आत्या?"

"व्हय रं, पन..." त्यांचा आवाज बदलला. "सावळी हाय. आन् काय देखणी हाय! डोळं बघ की! पाठीव, आत्ताच्या आत्ता अमृतला पाठीव."

"पाठवणार नाही."

नानासोंनी हातातली बशी खाली ठेवली.

"खोटा फोटो पाठवून या मला नको होत्या," अनीश म्हणाला, आणि आता त्याचे कान लाल झाले. "आणि खरा पाठवायचा... तर माझ्याच्यानं पाठववत नाही. दादाला मी आज फोन करून सांगतो. त्याच्याआधी यांना विचारायचंय. यांनी नाही म्हटलं, तर हा फोटो यांच्यासमोर पुसतो."

"अरं, कवा ओळख झाली तुमची?"

"काल. घाटावर. यांनी मला उजेड मोजायला शिकवलं."

सुलाबाई पायरीवर बसल्या. क्षमा भिंतीपासून पुढे आली, त्यांच्या हातातून तिने अलगद कॅमेरा काढून घेतला.

"आत्याबाई, आमच्याकडेही मुलाचा फोटो बघितल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही." मग अनीशकडे वळून तिने त्याच शुभ्र भिंतीकडे बोट केले. "उभे राहा. रंग कळू दे."

तो गेला, अपराध्यासारखा ताठ उभा राहिला. तिने कॅमेरा उचलला. मीटर आपले ठाम मत सांगायला सज्ज होते. बटण दाबले असते, तर विश्रामबागेचा हा उजळ चेहराही राखेत गेला असता, आणि तेवढा सूड घेण्याएवढी कारणे तिच्यापाशी साठलेली होती. पण ती दोन पावले त्याच्या जवळ गेली.

"हात दाखवा," ती म्हणाली.