पंधरा दिवसांची मुदत

"ताई, वॉरंटी वाढवून घेता का? आणखी तीन वर्षं… अगदी निर्धास्त राहाल."

काउंटरवाल्याने हे वाक्य वॉशिंग मशीनकडे बघत म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले. मशीन पसंत झालं होतं, बिल तेवढं व्हायचं होतं. ठकीने आधी त्याचे कान पाहिले, मग डोळे, आणि ती मनाशी म्हणाली, मेले आता!

खरं तर ठकीला वॉरंटी विकणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. ती आणि तिचे बाबा वॉशिंग मशीन दुरुस्त करत. दोन टेबलं, एक पंखा आणि खिळ्यांना लटकवलेले रबरी पट्टे, एवढं त्यांचं वर्कशॉप. गावभरची मशीनं तिथे बरी व्हायची आणि घरचं मात्र दोन महिने बंद. दिव्याखाली अंधार! शेवटी आईने ओल्या चादरींचा ढीग वर्कशॉपच्या टेबलावर आणून आपटला. "नवीन आणा, नाहीतर उद्यापासून धुणं तुम्ही बापलेक धुवा!" म्हणून ठकी आज या दुकानात आली होती. नखांतलं ग्रीस काही केल्या निघालं नव्हतं, म्हणून हात ओढणीत लपवून.

"ताई म्हणायलाच हवं का?" तिने विचारलं.

"नाही… म्हणजे, आम्हाला तसं शिकवलंय."

"असू दे. यात दाराचं रबर येतं?"

त्याने कागद उलटला. "नाही."

"पंप?"

"येतो. पण नाणं किंवा बटण अडकलं असेल तर नाही."

"पंपात दुसरं काय अडकतं हो? हत्ती?"

तो हसला, आणि घाईने हसू गिळून त्याने मागे पाहिलं. मागे मॅनेजर उभा होता.

"मोटर?"

"मोटरची…" त्याचा आवाज एकदम खाली आला, "दहा वर्षांची वॉरंटी कंपनीच देते. फुकट."

"मग मी पैसे कशाचे मोजायचे?"

"काही बिघडलं तर माणूस येतो ना घरी."

"कोण, तुम्ही?"

"मी नाही हो… मेकॅनिक!"

ठकी इतकी खळखळून हसली की टीव्ही बघत उभी असलेली दोन माणसं वळून बघायला लागली. हसता हसता तिची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली. नव्या माणसांचा तक्ता होता तो. महिन्यात वीस वॉरंट्या विकल्या तर नोकरी पक्की. त्याच्या नावापुढे एकोणीस खुणा होत्या आणि आज महिन्याची शेवटची तारीख. तोही तिथेच बघत होता.

"द्या," ठकी म्हणाली. "घेते."

आपण हे काय बोललो, हे तिला फॉर्मवर फोन नंबर लिहिताना कळलं. त्याने तो नंबर मोठ्याने वाचला. बरोबर होता तरी पुन्हा एकदा वाचला.

त्यानंतरचे दिवस ठकीने फोन उशाशी, खिशात आणि हत्यारांच्या पेटीत ठेवून काढले. नवव्या दिवशी बाबांना कपाटात तो कागद सापडला.

"वॉरंटी? मेकॅनिकच्या घरात वॉरंटी?" बाबा पाना हातात घेऊन नाचायचे बाकी राहिले. "लोक हसतील की गं तोंडावर! डोकं ठिकाणावर होतं का तुझं?"

नव्हतंच. पण हे बाबांना कसं सांगायचं?

चौदाव्या दिवशी दुपारी फोन वाजला, तेव्हा ती एका मशीनच्या पोटात कोपरापर्यंत शिरली होती. आवाज ऐकला आणि स्क्रू गेला कुठच्या कुठे!

"मी… काउंटरवरून बोलतोय. ती वॉरंटी परत करा. पंधरा दिवसांत पूर्ण पैसे मिळतात. उद्या शेवटचा दिवस आहे."

"एवढंच सांगायला फोन केलात?"

"नाही… पण हे आधी."

ती पुढच्या वीस मिनिटांत दुकानात होती. घाईत दार उघडायचं सोडून ती काचेवरच आदळणार होती.

"परत केली तर तुमची एकोणीसच राहतात," ती काउंटरवर वाकून कुजबुजली. "मग नोकरी?"

"बघू. तुम्ही मेकॅनिक आहात, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"काय?"

"मशीन बघताना फिल्टरचं झाकण तुम्ही न बघता उघडलंत. एका हाताने."

"आणि तरी विकलीत मला?"

"विकली," तो म्हणाला. या वेळी त्याने मशीनकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "नोकरी हवी होती. आणि खोटं कशाला बोलू… फॉर्मवर तुमचा नंबर येणार होता. पण तुम्ही का घेतलीत? तुम्हाला तर सगळं माहीत होतं!"

"तुमचे कान लाल झाले होते म्हणून," ठकीच्या तोंडून निघून गेलं. आता तिचेच कान तापले. "राहू दे ना ती वॉरंटी. मी कुठे तक्रार केलीय?"

"नको. ती तशीच ठेवली, तर तुम्हाला दुसऱ्यांदा फोन कोणत्या तोंडाने करू?"

ठकीने फॉर्म ओढून घेतला आणि परत करण्याच्या कारणापुढे लिहिलं, 'घरात मेकॅनिक आहे.' मॅनेजरने तो वाचला, तक्त्यावरची विसावी खूण पुसली आणि तो एवढंच म्हणाला, "मग नोकरी अजून तीन महिने कच्ची."

तो तिला दारापर्यंत सोडायला आला. चेहरा उतरला होता, पण डोळे… डोळे काही ऐकत नव्हते.

"रविवारी वर्कशॉपला ये," ठकी म्हणाली. अहोजाहो कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही. "दाराचं रबर कसं असतं ते दाखवते. विकतोस, तर माहीत तरी हवं. बाबा आधी ओरडतील, मग चहा देतील."

"येईन. पण…" तो उंबऱ्यावर घुटमळला. "पुढे आपलं नाही जमलं तर? काही बिघडलं तर?"

ठकीने ओढणीतून हात बाहेर काढला. नखं काळी होती, मनगटावर ताज्या ग्रीसचा पट्टा होता. तिने तो हात तसाच त्याच्या हातात दिला.

"बिघडलं तर दुरुस्त करू," ती म्हणाली. "मला येतं."