काडीचं जॅकेट

"माझ्या नवऱ्याचा फोटो धोक्याची पाटी म्हणून लावणार आहेत," ती बाई म्हणाली आणि हातातली पिशवी तिने धाडकन टेबलावर आपटली. "या रविवारी, होडी क्लबच्या हॉलमध्ये. फोटोखाली लिहिणार, एकट्याने होडी नेऊ नका, लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात जाऊ नका. मेलेल्या माणसाचं बुजगावणं करायला निघालेत!"

वहिनींनी चष्मा पुसायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं घरही होतं आणि ऑफिसही. पूर्वी त्या विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या, आता लोकांची कोडी सोडवायच्या. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, निवृत्त चित्रकला शिक्षक. ते गाडी चालवायचे, चहा करायचे आणि प्रत्येक प्रकरणात हमखास चुकीचा निष्कर्ष काढायचे. ते वहिनी म्हणत म्हणून अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाई पडदे शिवायची. नवरा फर्निचर करायचा. अंगाने इतका बारीक, की क्लबात त्याचं नाव काडी पडलं होतं. महिन्यापूर्वी चौघे दोन होड्या घेऊन नदीने निघाले होते. दिवसा वल्हवायचं, संध्याकाळी काठावर तंबू ठोकायचे, असा कार्यक्रम. चौघे म्हणजे काडी, क्लबचा प्रमुख ज्याला सगळे कप्तान म्हणत, कप्तानाचा मुलगा आणि एक दातांची डॉक्टर. शेवटच्या मुक्कामाच्या पुढे नदी खडकांवरून एकदम खाली उतरते. त्या जागेला क्लबवाले 'पायरी' म्हणत. त्या मुक्कामावरच्या सकाळी काडी आणि त्याची होडी जागेवर नव्हती. होडी पायरीखाली झाडाच्या मुळांत उलटी अडकलेली सापडली आणि दुपारी काडीही सापडला. अंगात जॅकेट नव्हतं. ते मुक्कामावर फांदीला टांगलेलं होतं.

"कप्तान घरी आला, डोळे पुसले आणि सासूबाईंना म्हणाला, घरी काही कुरबुर होती का हो? झालं! त्या दिवसापासून त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. माझ्यामुळे त्यांच्या मुलाने जीव दिला म्हणे!"

"कुरबुर होती?"

"होती. गॅसच्या शेगडीवरून. नवी घ्यायची की जुनी दुरुस्त करायची. शेगडीपायी कोणी जीव देतं का हो?" तिने पिशवी जवळ ओढली. "तो मला सोडून गेला की नाही, एवढंच शोधा. नसेल गेला, तर ते सासूबाईंच्या समोर कोणीतरी मोठ्यांदा सांगायला हवंय. माझं त्या ऐकत नाहीत."

तिने पिशवीतून नारिंगी जॅकेट काढलं. खांद्यावर हिरव्या दोऱ्याचा टाका होता, तिनेच घातलेला. क्लबची सगळी जॅकेटं एकाच मापाची होती, ज्याने त्याने पट्टे ओढून किंवा सोडून अंगाला बसवायचं. ओळख पटावी म्हणून खुणा.

"डॉक्टरबाईंनी फांदीवरून काढून दिलं, तसंच ठेवलंय. धुतलंसुद्धा नाही."

भाऊजींना राहवलं नाही. गोल गरगरीत देहावर त्यांनी ते जॅकेट चढवलं आणि पुढची बक्कलं खटाखट लावली. "बघा वहिनी, मला कसं बरोब्बर बसलं!"

"काढा ते!" वहिनी कडाडल्या.

भाऊजींनी ओशाळून काढलं. वहिनींनी ते हातात घेतलं आणि पट्टे बोटांनी चाचपले. उन्हाने पट्ट्यांचा रंग विटला होता, पण प्रत्येक पट्ट्यावर एके ठिकाणी काळपट आडवी रेघ होती. वहिनींनी रेघेपासून बक्कलापर्यंतचं अंतर वितीने मोजलं. त्या असं मोजायला लागल्या की समजावं, त्यांना राग आलाय.

*

दातांच्या डॉक्टरने दोन पेशंटच्या मधला वेळ दिला. ती ठेंगणी, चिमणीएवढी बाई. हातमोजे काढता काढता तिचे डोळे भरले.

"आदल्या संध्याकाळी भांडण झालं. कप्तान शेकोटीपाशी रोज आपल्या जॅकेटवर बसायचे, गादीवर बसल्यासारखे. बसून बसून आतला फोम चेपतो, मग ते तरंगवत नाही. काडी भडकला. म्हणाला, असलं जॅकेट घातलेल्या कोणालाही मी माझ्या होडीत बसू देणार नाही."

"कप्तान काय म्हणाले?"

"हसले. पण हसणं खरं नव्हतं. शिवाय त्यांना पायरीवरून होडी उतरवायची होती. काडी म्हणत होता, होड्या खांद्यावर घेऊन काठाने जायचं."

"सकाळी?"

"कप्तानांच्या ओरडण्याने जाग आली. ओलेचिंब होते. शोधायला पाण्यात उतरले होते म्हणाले." ती थांबली. "आम्ही झोपलो होतो हो. हे मला आयुष्यभर खाणार."

खाली उतरताना भाऊजी म्हणाले, "सरळ आहे. भांडणाच्या रागात गेला एकटा."

"तुम्ही फक्त गाडी चालवा, भाऊजी."

*

कप्तानाचा मुलगा क्लबच्या शेडमध्ये होड्या घासत होता. बापाच्या निम्म्या अंगाचा, शिडशिडीत पोरगा. काडीच्या होडीत पुढे बसणारा तोच.

"काडीदादाने मला सगळं शिकवलं. मागे बसणारा होडी वळवतो, म्हणून मागे तो. मी हलका, म्हणून पाण्याचा मोठा कॅन माझ्या पायाशी बांधायचा. होडीचं नाक वर गेलं तर पाण्याची धार तिला कशीही फिरवते, असं म्हणायचा."

त्याने मोबाइलमधले फोटो दाखवले. एकात काडी उभा होता, जॅकेटचे पट्टे आवळून त्यांची लांब टोकं कमरेत खोचलेली. दुसऱ्यात कप्तान शेकोटीपाशी जॅकेटवर ऐसपैस बसलेला. तिसरा त्या दिवशीचा. होडी मुळांतून सोडवून सरळ केल्यावर लगेच काढलेला. निळा कॅन अजून दोरीने घट्ट बांधलेला होता, मागच्या बाकाच्याही मागे.

"रात्री कॅन कुठे होता?"

"पुढेच. होडी मीच उपसून ठेवली होती ना."

"हा फोटो पोलिसांनी पाहिला?"

"पाहिला. म्हणाले, ठीक आहे." त्याने मान खाली घातली. "मावशी, काडीदादाचा फोटो भिंतीवर लावू नका असं मी पप्पांना म्हटलं होतं."

*

कप्तानाचं खेळाच्या सामानाचं मोठं दुकान होतं. सायकली, चेंडू, तंबू, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध स्वतः कप्तान. उंच, रुंद, पोट पुढे, आवाज मायाळू. अशा मायाळू आवाजाची मला स्वतःला चीड येते, पण ते असो.

"फार गुणी माणूस होता," तो म्हणाला. "पण डोक्यात राख घालून घ्यायचा. घरचं काहीतरी होतं, आपण कशाला बोला? उठलो तर तो नाही, होडी नाही, जॅकेट फांदीला. मी तसाच माझं जॅकेट घालून पाण्यात उतरलो, छातीपर्यंत. हाका मारमारून घसा बसला."

"कोणतं जॅकेट? बघू?"

तो त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. खिळ्याला जॅकेट लटकत होतं. पाठीवर पांढऱ्या रंगात 'कप्तान' असं लिहिलेलं. पट्ट्यांची टोकं लोंबत होती, त्यातलं एक भाऊजींच्या छत्रीत अडकलं.

"त्या दिवशी परत येऊन इथे टांगलं ते टांगलं," कप्तान म्हणाला. "हात लावायची हिंमत होत नाही."

"नका लावू," वहिनी म्हणाल्या. "पण रविवारी हॉलमध्ये घेऊन या. पाटीबरोबर लोकांना दाखवायला बरं. तुम्ही हेच घालून त्याला शोधलंत ना?"

कप्तानाला कल्पना आवडली. आपल्या शौर्याची वस्तू लोकांपुढे मांडायची कोणाला नको असते?

*

रविवारी हॉल भरला होता. भिंतीवर काडीचा हसरा फोटो, खाली लाल अक्षरं. पहिल्या रांगेत सासूबाई, दोन खुर्च्या सोडून सून. कप्तानाचं भाषण सुरू होणार एवढ्यात वहिनी उठल्या.

"आधी मी बोलते. ही पाटी खोटी आहे. तो एकटा गेला नव्हता."

कुजबुज झाली. कप्तान मायेने हसला. "ताई, आपण बाहेर बोलू या."

"जे केलंत ते कोणाच्या नकळत केलंत, आता बोलणं चारचौघांत होऊ द्या." वहिनींचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "होडीत मागे एकटाच माणूस बसला तर नाक वर जातं. मग वजन पुढे ठेवावं लागतं. कॅन रात्री पुढेच होता. एकट्याला तो हलवायचं कारणच नव्हतं. पण होडी सापडली तेव्हा कॅन मागच्या बाकाच्याही मागे बांधलेला होता. हात वेळ घेऊन बांधतात तशा गाठी होत्या. कशासाठी? होडीचं नाक खाली जात होतं म्हणून. म्हणजे पुढे कोणीतरी बसलं होतं, आणि ते भारी होतं."

हॉलमधली सगळी डोकी वळली. डॉक्टर चिमणीएवढी, मुलगा शिडशिडीत.

"हा काय पुरावा झाला?" कप्तान म्हणाला. आवाजातली माया गेली होती.

"नाही झाला. म्हणून हे बघा." वहिनींनी काडीचं जॅकेट वर धरलं. "पट्ट्यावर ही काळी रेघ. बक्कल वर्षानुवर्षं इथे बसायचं, म्हणून एवढाच भाग उन्हाने विटला नाही. काडीच्या अंगाचं हे माप. पण जॅकेट फांदीवरून काढलं तेव्हा पट्टे शेवटपर्यंत सोडलेले होते. आमचे भाऊजी त्यात आरामात मावले. कोणा जाड माणसाने ते घातलं होतं."

"शोधायला उतरताना मी घाईत त्याचं..."

"तुमचं घातलंत म्हणालात. दुकानात, भाऊजींच्या समोर. आणि नंतर त्याला हात लावला नाही म्हणालात." वहिनींनी टेबलावरचं दुसरं जॅकेट त्याच्याकडे सरकवलं. "घाला."

कप्तानाने हात मागे घेतले.

"घाला ना! हेच घालून हाका मारल्यात ना घसा बसेपर्यंत?"

"पप्पा, घाला," मागून मुलगा म्हणाला.

त्याने घातलं. बक्कलांच्या दोन्ही बाजू पोटावर एकमेकींपासून वीतभर लांब राहिल्या. पट्टे पार आवळलेले होते आणि त्यांची टोकं गुडघ्यापर्यंत लोंबत होती. काळी रेघ मात्र बक्कलापासून दूर, मोकळ्या टोकावर होती.

"हे शेवटचं ज्याने घातलं तो काडी होता," वहिनी म्हणाल्या. "जॅकेटांची अदलाबदल झाली होती. चेपलेल्या जॅकेटवाल्याला मी होडीत बसू देणार नाही, असं तो आदल्या दिवशी म्हणाला होता. शब्दाचा पक्का. स्वतःचं चांगलं तुम्हाला दिलं, तुमचं मेलेलं स्वतः घातलं, आणि तुमच्या वजनाला तोल म्हणून कॅन मागे नेला. हा माणूस जीव द्यायला निघाला होता?"

मग कप्तान खुर्चीत बसला, आणि त्याच्या तोंडून शब्द आपोआप पडू लागले.

"नुसती पायरी वरून बघून येऊ म्हटलं होतं मी. काठाकाठाने. तो ओरडत होता, वल्हं थांबवा, थांबवा. मला वाटलं, जमेल. उतरून दाखवावं याला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी तरंगलो. तो वर आलाच नाही. जॅकेट त्याच्या अंगातून निघून वाहत माझ्यापर्यंत आलं. तो तर गेलाच होता. मी सांगून काय परत येणार होता?"

"आणि त्याचं जॅकेट तुम्ही फांदीला टांगलंत," वहिनी म्हणाल्या. "ज्याने तुम्हाला वाचवलं तेच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभं केलंत. एवढ्यानं भागलं नाही, म्हणून त्याच्या आईच्या दारात जाऊन त्याच्या बायकोचं नाव घेतलंत. अपघात नदीत झाला असेल. बाकीचं सगळं तुम्ही काठावर येऊन, शुद्धीवर राहून केलंत!"

मुलगा खुर्चीवर चढला आणि लाल अक्षरांवरचा फोटो त्याने काढून घेतला. मग बापाकडे न बघता पोलिसांचा नंबर फिरवला. भाऊजी रुमालात नाक शिंकरत म्हणाले, "मी म्हणत होतो, काहीतरी गडबड आहे." त्यांनी असं काहीही म्हटलं नव्हतं.

सासूबाई उठल्या. दोन खुर्च्यांचं अंतर चालायला त्यांना फार वेळ लागला. "चल, घरी जाऊ," त्या म्हणाल्या.

"येईन," सून म्हणाली. "पण त्या परक्या माणसाचं तुम्ही ऐकलंत आणि मला एकदा विचारलं नाहीत. हे मी विसरणार नाही, आई."

सासूबाईंनी मान हलवली, रडल्या नाहीत. सुनेने टेबलावरून हिरव्या टाक्याचं जॅकेट उचललं आणि पट्टा ओढायला घेतला. मातीने तो बक्कलात अडकला होता. सासूबाईंनी दुसऱ्या बाजूने धरला आणि थोडा ओढून थांबल्या.

"अजून ओढा," सून म्हणाली. "एवढा जाड नव्हता तो."

काळी रेघ बक्कलाखाली जाईपर्यंत दोघी ओढत राहिल्या.