सात बाजांचा डोह

बातमी आली त्या मंगळवारी विक्रम शिरूरच्या कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दगडांच्या नमुन्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होता. डिंक पातळ झाला होता आणि शिपायाला दोन शब्द सुनवावेत, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. फोन मांडवगण फराट्याहून आला, मुक्तावहिनीचा. थोरला भाऊ हौसराव शेताला पाणी उपसणाऱ्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हमध्ये अडकलेलं शेवाळ काढायला भीमेच्या डोहात उतरला, तो वर आलाच नव्हता.

चौथ्या दिवशीही आला नाही. दौंडहून आलेले पाणबुडे दोन दिवस बुड्या मारून, चहा पिऊन परत गेले. काठावर निम्मं गाव बसलेलं, त्यातले निम्मे मोबाईल रोखून. विक्रमला सगळ्यांची किळस आली.

"सर, आमच्या आज्यानं सात बाजांचं सुंभ जोडून सोडलं व्हतं," म्हातारे दगडोबाआप्पा म्हणाले. "ठाव न्हाई लागला. हौसरावच्या बाजंचं सुंभ सोडा, नाव घिऊन हाक मारा. तवाच डोह माणूस सोडतो."

"बाजांनी पाणी मोजत नाहीत, आप्पा. झोपतात त्यावर." विक्रम मुद्दाम मोठ्यानं बोलला. "पुराच्या भोवऱ्यात गोटे फिरले, हजारो वर्षं फिरले, आणि काळा खडक रांजणासारखा कोरला गेला. झाला डोह. वरचं पाणी कोमट, तळाचं गार. दोन्ही मिसळत नाहीत. गार पाण्यात देह लवकर फुगत नाही, म्हणून वर येत नाही. यात तुमचं भूत कुठं बसवू?"



"मग काढा की ह्यांना," मुक्तावहिनी म्हणाली. त्या फोननंतर ती पहिल्यांदाच बोलत होती. "माती मिळंना, भावजी. कपाळाचं कुकू पुसू का ठिवू, कुणी सांगंना. तुम्ही शिकलेलं हायसा."

ते मात्र त्याला लागलं. "आणतो," तो म्हणाला.

दर मीटरला गाठ मारलेला नायलॉनचा दोर त्यानं आणला होता. टोकाला लोखंडी गळ आणि चार किलोचं वजन. पाण्यावर झुकलेल्या खडकावर उभं राहून तो दोर सोडू लागला. मागं वहिनी आणि आप्पा. एकोणिसाव्या गाठीला दोर सैल पडला.

"एकोणीस मीटर!" त्यानं काठाकडं वळून सांगितलं. "म्हणे सात बाजा!"

तळावरून गळ फिरवला. काही लागलं नाही. चार वाजता लाईट गेली आणि दोन्ही तीरांवरच्या मोटारी एकदम थांबल्या. ऊन तसंच लख्ख होतं. पाण्यातून नुकत्याच फोडलेल्या दगडाचा वास येऊ लागला.

तळहातातून विसावी गाठ सरकली.

मग एकविसावी. बाविसावी. दोर पडत नव्हता. कुणीतरी खालून, सावकाश, हातावर हात टाकत घ्यावा तसा जात होता. एकतिसाव्या गाठीला तो थांबला. ताठ.

मग दोन हिसके बसले.

हौसरावचं उभं आयुष्य विहिरी खोदण्यात गेलं होतं. खाली उतरलेल्यानं एक हिसका दिला की दोर सैल सोडायचा, दोन दिले की माणूस वर घ्यायचा. शाळेच्या सुट्टीत विक्रमनंही त्याच्यासाठी वर दोर धरला होता.

"भावजी..." वहिनी कुजबुजली. "दोन हिसकं..."

"पाण्याची ओढ आहे."

"वरचं धरान बंद हाय... पानी उभं हाय. वढा की..."

आप्पा पाय न वाजवता मागं सरकले. अडाणी माणसं, असं विक्रम पुटपुटायला गेला, पण तोंडून 'एकतीस' एवढंच निघालं.

पुन्हा दोन हिसके. या वेळी जरा रागानं. वर घ्यायला उशीर झाला की दादा द्यायचा तसे.

"वढा वो, भावजी... गार पडलं असतील..."

त्यानं दोर बाभळीच्या बुंध्याला बांधला. "उद्या माणसं घेऊन येतो," असं म्हणाला आणि मागं न बघता गाडीपर्यंत चालत गेला.

पुढं दर्भाचा पुतळा जाळून गावानं दहावा उरकला. वहिनीनं कुंकू पुसलं नाही. रोज चारला ती बाभळीपाशी जाऊन बसते. तिच्या एकटीनं दोर हलत नाही. वारा नसतो, पाणी उभं असतं, तरी दोराखालची साल दोन जागी सोलवटून आतलं लाकूड उघडं पडलं आहे, आणि ते ओलं असतं.

विक्रम मांडवगणला पुन्हा गेला नाही. दोर अजून कुणी वर घेतलेला नाही.