दोघांची फळी

नर्मदेच्या ग्वारीघाटावर आम्ही नीलकंठदादाच्या दहाव्याला जमलो होतो, पण त्याचं प्रेत कुणीच पाहिलं नव्हतं. दादा माझा चुलतभाऊ. तोफगाड्यांच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर असायचा. लढाई पेटली, त्याला बोटीवरच्या तोफांच्या दुरुस्तीला पाठवलं, आणि बोट बुडाल्याची तार आली. पळसाच्या पानांचा पुतळा करून मीच त्याला अग्नी दिला.

जन्मात समुद्र न पाहिलेला हा जबलपूरकर गणेशोत्सवात कविता म्हणायचा ती मात्र बुडालेल्या गलबताची! सगळे बुडतात, फळीवर एकटाच उरतो. शेवटची ओळ होती, ‘दोघांना पुरेल एवढी फळी, अन् मी एकटा.’ आम्ही म्हणायचो, “दादा, आधी भेडाघाटला नावेत तर बसून दाखव!”

पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. गेलेल्याची इच्छा अडली की असं होतं, म्हणून मी हात जोडले. “वहिनीला मी सांभाळीन, दादा.” कावळे ढिम्म. ऊन चढलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले.

विनतावहिनी हट्टानं घाटावर आली होती. मूल नाही, सासू-सासरे नाहीत. राहिली ती आणि कारखान्याच्या क्वार्टरमधली एक खोली. ती पिंडाजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, “येते मी... सरका थोडं.”

कावळा झेपावलाच.

“चलो, अच्छा हुआ,” भटजी म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र दादाच्या कवितेतली ती शेवटची ओळ आठवली.

संध्याकाळी मी तिच्याकडे डबा घेऊन गेलो. कंदील मिणमिणत होता. वहिनी खाटेच्या अगदी कडेला, पाय पोटाशी घेऊन बसली होती. उरलेली खाट मोकळीच होती.

मी स्टुलावर टेकलो. “वहिनी, आमच्याकडे चला. इथं एकट्या नका राहू.”

“एकटी कुठं आहे, भाऊजी?” इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली. मग माझ्या पायांकडे पाहून तिचा आवाज एकदम उतरला. “काहून पाय खाली सोडून बसले? वर घ्या नं... पाणी चढून राहिलं...”

मी खाली पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. आणि त्या कोरड्या फरशीवरून, उंबऱ्याशी काढलेली माझी एक चप्पल, हेलकावे खात हळूहळू आत येत होती.