चौथ्या बोगद्याची ओ

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही चंद्राच्या दक्षिण टोकाजवळच्या एका खोल विवरात राहता. विवराच्या तळाशी ऊन कधीच पोचलेलं नाही, म्हणून तिथे बर्फ टिकून आहे. आणि बर्फ आहे म्हणून तिथे माणसं आहेत. तुमची आई बोगद्यात उतरून तो बर्फ खणते. आता तुम्हाला तिला हाक मारायची आहे. कशी माराल? बाहेर हवा नाही, आवाज जाणार नाही. एवढ्या जाड खडकातून रेडिओही पोचत नाही. थोडा वेळ घ्या, विचार करा.

नाही ना जमलं? विवर-वस्तीतल्या लोकांनाही पहिली दोन वर्षं जमलं नव्हतं. मग त्यांनी तार टाकली.

खरं तर एकमेकींना पीळ घातलेल्या त्या दोन तारा होत्या, पण सगळे 'तार'च म्हणत. पंप, दारं, दिवे आणि कामावरच्या प्रत्येक माणसाचा पोशाख त्या एकाच तारेला जोडलेला असे. तारेवर कुणाचं नाव नसे, पत्ता नसे, फक्त क्रमांक. तोही माणसाचा नव्हे, माहितीचा. ४१ म्हणजे हेमांगी दळवीची नाडी आणि तिच्या टाकीत उरलेला प्राणवायू. ज्याला हे हवं असेल त्याने ४१ क्रमांकाचा, पण आतून रिकामा निरोप तारेवर सोडायचा. तो तारेवरच्या सगळ्यांना ऐकू जाई. पण उत्तर देई ते ज्याच्याजवळ ४१ची माहिती असेल तोच, त्याच क्रमांकाने. फक्त आता निरोपाच्या पोटात आकडे असत. रिकाम्या निरोपाला वस्तीत 'हाक' म्हणत आणि उत्तराला 'ओ'.

जेवणाआधी मुलांनी खाली गेलेल्या आईबापांना हाक मारायची, आणि ओ आली की मगच पहिला घास घ्यायचा, अशी तिथली रीत पडली होती.

हेमांगीची मुलगी वेणू, वय वर्षं अकरा. ती आलेले आकडे पाटीवर लिहून ठेवी आणि शाळा सुटली की तारघरात जाऊन बसे. तारघर सांभाळत शहनाज मुलाणी. तार त्यांनीच आखलेली.

"मावशी, मी हाक मारली की आई काम थांबवते का हो?" वेणूने एकदा विचारलं.

"थांबवते कुठली! तिला कळतसुद्धा नाही." शहनाजमावशी हसल्या. "पूर्वी पोशाखाचा मेंदू, म्हणजे आतला छोटा संगणक, प्रत्येक हाकेला हातातलं काम टाकून ओ द्यायचा. जेवणाच्या वेळेला तुम्ही साठ पोरं एकदम हाका मारणार, आणि खाली सगळी यंत्रं अडखळणार. तुझ्या आईनेच येऊन मला झापलं होतं. म्हणाली, 'शहनाज, या कार्ट्यांना आवर, नाहीतर मी तार कापते.'"

"मग?"

"मग मी प्रत्येक पोशाखात एक खण ठेवला. खरा खण नव्हे गं, आकडे ठेवायची जागा. मेंदू दर मिनिटाला ताजे आकडे त्यात टाकतो. हाक आली की खणाशेजारची चिप आत असतील ते आकडे उचलते आणि पाठवते. मेंदूला उठवतच नाही."

वेणूने पाटीवरचे आकडे पाहिले. "म्हणजे ओ आई देत नाही. खण देतो."

"आकडे तर आईचेच ना? जा आता, जेवायची वेळ झाली."

पुढच्या मंगळवारी सकाळी जमीन हादरली आणि दोन बोगद्यांची तोंडं ढासळली. चौथ्यात हेमांगी होती. सहाव्यात अंतोन तुस्कानो, महिन्यापूर्वीच पृथ्वीवरून आलेला. खडक फोडणारं यंत्र एकच होतं. ते एका बोगद्यातून दुसऱ्याकडे नेईपर्यंत तिथली हवा संपली असती.

वेणू तारघरात धावत आली आणि तिने ४१ला हाक मारली. ओ आली. बहात्तर, एकसष्ट. नाडी बहात्तर, प्राणवायू एकसष्ट टक्के. तिचा जीव भांड्यात पडला. अंतोनला हाक मारणारं वस्तीत कुणीच नव्हतं, म्हणून तिने त्याच्या ८७लाही हाक मारली. एकशे अठरा, पंचावन्न.

ती दोघांना आलटून पालटून हाका मारत राहिली. पाटीवर दोन रांगा वाढत गेल्या. तासाभराने तिने पाटी शहनाजमावशींसमोर धरली.

"मावशी, अंतोनदादाचा प्राणवायू पंचावन्नचा सत्तेचाळीस झाला. आईचा संपत का नाही?"

शहनाजमावशींनी पाटी पाहिली. बहात्तर, एकसष्ट. बहात्तर, एकसष्ट. खालपर्यंत तेच.

"मेंदू बंद पडलाय," त्या हळूच म्हणाल्या. "खणात नवीन काही पडतच नाहीये. चिपला तारेतूनच वीज मिळते. ती हादऱ्याआधीचेच आकडे पाठवत बसलीये."

"आणि आई?"

"माहीत नाही, बाळ. हा आकडा तिच्याबद्दल आता काहीच सांगत नाही. बरी आहे असंही नाही, आणि नाही असंही नाही."

"मेंदू बंद पडल्यावर हवा कोण देतं?"

"हाताने फिरवायची एक चावी असते."

"हात अडकले असतील तर?"

तेवढ्यात खाणप्रमुख इंगवले आत आले, अंगावर अर्धवट चढवलेला पोशाख. "शहनाजताई, दोघांची ओ येतेय ना? मग ठरलं. चौथा बोगदा जवळ आहे, तिथे नक्की पोचू. सहाव्याचं सांगवत नाही. यंत्र चौथ्याकडे वळवतो."

शहनाजमावशींनी तोंड उघडलं. त्यांची नजर वेणूकडे गेली आणि त्यांनी ते पुन्हा मिटलं.

इंगवले दाराकडे वळले.

"काका," वेणू म्हणाली. तिने पाटी त्यांच्या हातात दिली. "सहाव्यात जा. तिथले आकडे बदलतायत."

साडेपाच तासांनी अंतोनला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या टाकीत तीन टक्के उरले होते. चौथ्या बोगद्याचं छत मात्र त्याच दुपारी पुन्हा कोसळलं. तो पुढे कधीच उघडता आला नाही. हेमांगी त्या दिवशी किती वेळ जिवंत होती, होती की नव्हती, हे कुणालाच कळलं नाही. एवढ्या खडकाखाली तार तेवढी शाबूत राहिली होती.

शहनाजमावशींनी तारघरातूनच सगळ्या पोशाखांतले खण बंद केले, ४१चाही. आता ओ देईल तो मेंदूच. मेंदू जागा नसेल तर ओ नाही. त्यांनी वस्तीला नीट समजावून सांगितलं की खोट्या ओपेक्षा शांतता बरी, शांततेने निदान कळतं तरी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण मेंदू कामात असला की ओ यायला उशीर होई. कधी दहा सेकंद, कधी अर्धं मिनिट. तेवढ्यात घराघरांत ताटं थांबत, लहान मुलं रडू लागत, आजोबा उठून दाराशी जात. महिन्याभरात वस्तीची सभा भरली. खण पुन्हा उघडावेत का? दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मत देता येत होतं.

"तुम्हाला काय हवंय ते तुम्हाला कळतंय का?" शहनाजमावशींनी विचारलं.

"आम्हाला जेवता यायला हवं, ताई," मागून कुणीतरी म्हणालं.

हात वर होऊ लागले. पुष्कळ अर्धवटच वर गेले आणि थबकले. सगळे वेणूकडे बघत होते. हिच्यासमोर कसा हात वर करायचा, असं प्रत्येकाला वाटत होतं. तिच्याच तर पाटीमुळे सगळं उघडकीला आलं होतं.

वेणूने हात वर केला.

त्याच दिवशी खण पुन्हा उघडले, आणि जेवणाआधी तिने ४१ला हाक मारली. ओ लगेच आली. बहात्तर, एकसष्ट.

तिने पहिला घास घेतला.