फळ्यांमागची ठकठक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. यशोदाकाकूनं जसं सांगितलं, तसंच सांगतो.

ही गोष्ट रात्रीची नाही.

जुलै २००८. उत्तर ध्रुवाजवळचं एक छोटं गाव. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.

आमची काकू पिपरी मेघेची. तिची लेक इला तिकडच्या एका हॉटेलात नोकरीला होती, म्हणून काकू महिनाभर गेली होती. गावात कोळशाची जुनी, बंद पडलेली खाण होती. पर्यटकांना हेल्मेट अन् दिवा देऊन गाईड आत फिरवून आणायचे.

इलानं हे आईपासून लपवलं होतं. कारणही तसंच होतं.

काकूचे यजमान, केशवकाका, चंद्रपूरकडच्या एका खाणीत मोजणीचं काम करत. १९९५ साली छत कोसळलं. काका आतच राहिले. बाहेर आलेल्या दोघा मजुरांनी सांगितलं होतं, ढिगाऱ्यामागून ठकठक ऐकू येते. साहेब म्हणाले, भास आहे. त्यांनी भिंत घालून बोगदा बंद केला. काकूला तर गेटच्या आतही घेतलं नव्हतं.

बाजारात खाणीच्या सहलीची पाटी दिसली, तशी काकू हटून बसली. इला नको नको म्हणत राहिली. काकूनं ऐकलं नाही.

"तवा मले गेटावरूनच वापस केलं. आता कोण अडवते, पाह्यतो."

आत हाडं गोठवणारी थंडी होती. भिंतींवर दंव गोठलेलं. एका ठिकाणी बोगदा फळ्या ठोकून बंद केला होता. तिथं गाईडनं सगळ्यांना दिवे मालवायला सांगितले.

काळामिट्ट अंधार.



आणि मग...

ठक.

ठक... ठक.

फळ्यांच्या मागून!

दिवे लागले. गाईडचा चेहरा पांढराफटक पडला होता. बर्फ तडकला असेल, असं म्हणत तो सगळ्यांना घाईघाईनं माघारी वळवू लागला. इलानं ते आईला समजावलं.

काकू जागची हलली नाही. तिनं खालचा एक दगड उचलला आणि फळीवर तीनदा ठोकला.

शांतता...

मग पलीकडून तीन ठोके आले. स्पष्ट.

इला रडायला लागली. गाईडनं काकूचा दंड धरला. काकूनं त्याचा हात झटकला आणि फळीला तोंड लावून बोलली.

"मले ऐकू आलं. कोणी का असंना तू, मले ऐकू आलं. हे लोक नाई म्हणतीन. मी नाई म्हणत नसतो."

फळ्यांच्या फटीतून हवा आली...

उबदार. त्या बर्फात!

कोणी अगदी जवळून, खूप वेळ कोंडलेला श्वास सोडावा तशी. काकूच्या चष्म्यावर वाफ धरली. ती इलानंही पाहिली.

मग काही नाही.

काकू स्वतःहून माघारी फिरली. बाहेर लख्ख ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी गाईड हॉटेलात आला. त्या फळ्यांमागे पोकळीच नाही, त्यानं इलाला सांगितलं. पाणी शिरून सगळा बोगदा गोठलाय, आतपर्यंत नुसता बर्फ. त्याच आठवड्यात त्यानं काम सोडलं. तिकडची फेरीही बंद झाली.

काकू मात्र पिपरीला आल्यावरही इलाला फोनवर विचारायची, "उघडलं का त्याइनं?"

मी एकदा धीर करून तिला विचारलं, ते काकाच होते का?

काकू मेथी निवडत होती. तिनं मान वर केली.

"थे असते, तर मी निंगाली असती काय तिथून?"

मग कोण होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अजूनही होत नाही...